दशांना चिकटलेला पांढरा रंग

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामेभावाचा चादरींचा कारखाना आहे. ऑनलाइन विक्रीसाठी त्याने मरून चादरीचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढला, मागचं पांढरं उडवलं आणि चादर काळ्या पार्श्वभूमीवर ठेवली. जकार्डची नक्षी झकास दिसत होती. पण दशांना, म्हणजे कडेच्या सुट्या धाग्यांना, पीठ लागल्यासारखी फिकट कड आली होती. "पुसायला गेलो तर दशाच गेल्या की!" तो म्हणाला.

चूक त्याच्या हाताची नव्हती. दशीचा धागा इतका बारीक, की कडेचा पिक्सेल, म्हणजे फोटोतला सर्वात छोटा ठिपका, ना पुरता धाग्याचा, ना पुरता भिंतीचा. समजा, त्यातला ४० टक्के भाग धाग्याचा आहे. पिक्सेलचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत लिहितात, प्रत्येक ० ते २५५. मरून म्हणजे लाल १२८, हिरवा ०, निळा ०. पांढऱ्याचे तिन्ही आकडे २५५. सरमिसळ होऊन फोटोत येतो लाल २०४, हिरवा १५३, निळा १५३, म्हणजे फिका गुलाबी. पांढऱ्यावर तो खपून जातो, काळ्यावर डोळ्यांत खुपतो.

असा पिक्सेल ठेवला तरी चूक, उडवला तरी चूक. म्हणून त्याला रंगाच्या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा देतात: अल्फा. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या संगणकतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली. मला ती फार देखणी वाटते. आपल्या पिक्सेलचा अल्फा १०२. पण तेवढ्याने भागत नाही. रंगात मुरलेलं पांढरंही वजा करून मूळ मरून परत आणावं लागतं. मग काळ्यावर तोच पिक्सेल लाल ५१, बाकी शून्य असा दिसतो आणि धागा धाग्यासारखा वाटतो.

जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमधलं 'कलर टू अल्फा' नेमकं हेच गणित करतं. फक्त आधी दशांचाच भाग निवडायचा, नाहीतर नक्षीतला पांढरा धागाही आरपार होतो. फोटोची फाइल पीएनजी प्रकारात ठेवायची, कारण जेपीईजी प्रकारात अल्फाला जागाच नाही.

पांढऱ्या टेरी टॉवेलचे फोटो मात्र आम्ही निळ्या कागदावर काढले. पांढऱ्या भिंतीसमोर त्याची लव कॅमेऱ्यालाच वेगळी दिसत नाही, तर सॉफ्टवेअर ती कुठून शोधणार?