कापसाचा पैसा, जुलैची फी आणि शैक्षणिक कर्ज

विदर्भातल्या शेतकरी घरात पोरांच्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढणं फार जुनं नाही. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी शाळा-कॉलेजं खेड्यांजवळ आणली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनच होती. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्याला फीपेक्षा खोली आणि मेसचाच खर्च जड जायचा.

हे गणित १९८३ मध्ये बदललं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि जागा वाढल्या, पण प्राध्यापकांच्या पगारापासून इमारतीपर्यंतचा खर्च फीतून निघू लागला. देणगीवर बंदी घालणारा कायदा १९८७ चा. फीचं ओझं मात्र पालकांवरच राहिलं. आधी सावकार किंवा वावर गहाण, हाच मार्ग होता. २००१ मध्ये भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तिच्यात ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि पदरचा वाटाही नाही. पुढे २०१५ च्या पतहमी योजनेने, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला सरकारी हमी देणाऱ्या योजनेने, ही विनातारण मर्यादा साडेसात लाखांवर नेली.

योजना चांगली आहे, पण ती महिन्याला पगार येणाऱ्या घराच्या हिशोबाने बेतलेली आहे. आपल्याकडे जून-जुलैत घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो आणि फी नेमकी तेव्हाच भरायची असते. कापूस-तुरीचा पैसा येतो दिवाळीनंतर.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या पाहिलेली माणसं पुढच्या माफीच्या आशेने थांबतात, खातं थकीत होतं, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) घसरतं आणि दोन वर्षांनी मुलीची फाईल तिथेच अडते. म्हणून पोरगं अकरावीत असतानाच वडिलांचं पीककर्ज खातं नियमित करून घ्यावं. बँकेने तोंडी नकार दिला तर कारण लेखी मागावं.

व्याजाचं गणित फार कमी जणांना कुणी समजावून सांगतं. समजा दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ वर्षांत ४ लाख उचलले, दर ११ टक्के. शिक्षणकाळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहतं. पाचव्या वर्षाअखेर ते १ लाख ५४ हजार होतं. मग १० वर्षांसाठी हप्ता साधारण ७,६३० रुपये बसतो. कापूस विकल्यावर दरवर्षी व्याज भरत गेलं, तर तोच हप्ता सुमारे ५,५१० वर येतो.

घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणासाठी हे व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९-१० पासून आहे. मात्र कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए या संस्थेचं दर्जा-मानांकन लागतं आणि दावा बँकेने पाठवावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शाखेत देऊन पोच घ्यावी, कारण दावा गेला नाही तर व्याज तुमच्याच नावावर चढतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे (सुरुवातीला ८६०). तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

कर्जाआधी महाडीबीटी हे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल पाहावं. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला मात्र ही सवलत नाही. मेस आणि खोलीचा खर्च उरतोच, तेवढ्यापुरतंच कर्ज मागावं. पूर्ण फीचं कर्ज आधीच उचललं असेल, तर उशिरा आलेली शिष्यवृत्ती त्याच कर्जखात्यात भरावी. ती घरखर्चात गेली की त्या रकमेवरचं व्याज मुलाला नोकरी लागेपर्यंत चढत राहतं.