मोमिजीगारी

मोमिजीगारी : आजवर टिकून राहिलेला सर्वांत जुना जपानी चित्रपट. त्याचे चित्रीकरण त्सुनेकिची शिबाता याने टोकिओतील काबुकी (जपानचा पारंपरिक नृत्यनाट्यप्रकार) सादर करणाऱ्या काबुकी-झा या नाट्यगृहामागील उघड्या रंगमंचावर केले. काही जुन्या ग्रंथांत त्यासाठी १८९९ च्या आधीचे साल आढळते; तथापि नोव्हेंबर १८९९ हा काळ आता सामान्यतः ग्राह्य मानला जातो आणि तोच अधिक सयुक्तिक दिसतो.

चित्रपटाला आधार असलेले काबुकी नृत्यनाट्य कावाताके मोकुआमी याने रचले व १८८७ मध्ये ते प्रथम रंगभूमीवर आले. त्याचे मूळ कान्झे नोबुमित्सू याच्या त्याच नावाच्या ‘नो’ (मुखवटे वापरणारा जुना जपानी नाट्यप्रकार) नाटकात आहे. मेपलची लाल पाने पाहण्यास तोगाकुशी पर्वतावर गेलेला योद्धा ताइरा नो कोरेमोची आणि राजकन्येचे रूप घेतलेली राक्षसी यांच्या संघर्षाची ही कथा होय. नवव्या इचिकावा दान्जुरोने (काबुकीत नटाचे नाव वारशाने चालते; हे नाव घेणारा तो नववा) राजकन्या साराशिना व राक्षसी, तर पाचव्या ओनोए किकुगोरोने कोरेमोची साकारला.

दान्जुरोचा चलच्चित्रणाच्या या नव्या यंत्राला विरोध होता. आपली कला पुढील पिढ्यांसाठी जतन होईल, असे समजावल्यावर तो राजी झाला. मात्र आपल्या हयातीत चित्रपट जाहीरपणे दाखवू नये, अशी अट त्याने घातल्याचे सांगतात. ही अट अखेरपर्यंत पाळली गेली नाही. १९०३ च्या जुलैमध्ये, तो आजारी असताना, ओसाका येथे जाहीर खेळ झाले आणि सप्टेंबरमध्ये त्याचे निधन झाले. चित्रीकरणाच्या दिवशी जोराचा वारा होता व नृत्याच्या ऐन भरात दान्जुरोच्या हातचा पंखा उडाला. तो भाग पुन्हा चित्रित केला नाही, त्यामुळे तो क्षण आजही पडद्यावर दिसतो.

सुमारे चार मिनिटांच्या या फितीत संपूर्ण नाट्य नाही, निवडक प्रसंगच आहेत. त्यामुळे तिला पहिला जपानी कथापट म्हणावे की रंगप्रयोगाची नोंद, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही आणि अभिनय सर्वस्वी रंगमंचीय आहे, हे पाहता दुसरे मत अधिक पटते. सामुराईपटांचा उगम तिच्यात शोधणेही त्यामुळे जपूनच करावे लागते. तलवारीची झुंज येथे आहे खरी, पण ती काबुकीच्या ठरीव पदन्यासांनी बांधलेली आहे.

२००९ मध्ये जपान सरकारने तिला ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ म्हणून घोषित केले. हा दर्जा मिळालेला तो पहिलाच चित्रपट होय.