रोटरॅक्ट क्लब

रोटरॅक्ट क्लब : रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेशी जोडलेले तरुणांचे मंडळ. सभासद होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. पहिला क्लब १३ मार्च १९६८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट येथे सुरू झाला. शाळकरी मुलांसाठीचे इंटरॅक्ट क्लब त्याआधी, १९६२ पासूनच होते.

महाराष्ट्रात कॉलेजचे क्लब आणि गावा-शहराचे क्लब असे दोन्ही आढळतात. कॉलेजच्या क्लबात उत्साह मोठा, पण शेवटच्या वर्षाची मुले गेली की कामाची घडी पुन्हा बसवावी लागते. शहरी क्लबात नोकरी-धंदा सांभाळून येणारी मंडळी असतात. त्यांना रविवार सोडून वेळ नसतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार दर वर्षी बदलतात. क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि त्याची सुरुवात पदग्रहण समारंभाने होते.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असा हिशेब असतो, शेवटी प्रमाणपत्र मिळते. रोटरॅक्टमध्ये तासांची अशी नोंद नाही, गुणही नाहीत. माणूस येतो तो मनाने येतो, आणि मन उडाले की यायचा थांबतो. म्हणून इथे स्नेहाला इतके महत्त्व. ‘सेवेतून स्नेह’ हाच रोटरॅक्टच्या ब्रीदवाक्याचा आशय आहे. सहली, खेळ, वाढदिवस यांनी ओळखी होतात. पण सकाळी सातला सतरंज्या अंथरायला आणि संध्याकाळी भाड्याच्या खुर्च्या मोजून परत करायला जे एकत्र राबतात, त्यांचीच मैत्री मुरते. कामे आटली आणि नुसत्या पार्ट्या उरल्या की दोन-तीन वर्षांत क्लब कागदावरच राहतो.

रक्तदान शिबिर हा बहुतेक क्लबांचा ठरलेला उपक्रम. रक्त रक्तपेढीचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ घेतात. हॉल, खाटा, पंखे, नावनोंदणी, चहा-बिस्किटे हे क्लबाने पाहायचे. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. हिमोग्लोबिन पुरेसे आहे का ते पाहायला बोटाला सुई टोचून निघालेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब तळाला गेला तर दाता खाटेकडे, तरंगला तर घरी. पहिल्यांदा आलेला मुलगा सुई पाहून पांढराफटक पडतो. तेव्हा शेजारी बसून, त्याच्या गावाची चौकशी करत, ‘मूठ आवळ, आता सोड’ असे सांगणारा सभासद लागतो. हे काम कुठल्याच अहवालात येत नाही, आणि शिबिर चालते ते त्याच्यावर.

मुलींच्या रांगेत थेंब तरंगण्याचे प्रसंग जास्त येतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा ‘तुमचं चालणार नाही’ असे सांगून मुलीला परत पाठवणे म्हणजे हाती आलेले काम सोडून देणे. जाणता क्लब तिची संमती घेऊन नाव लिहून ठेवतो, तिला डॉक्टरांकडे नेतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावतो.

तारखेचाही विचार व्हायला हवा. नवे पदाधिकारी जुलै-ऑगस्टमध्ये हौसेने शिबिरे घेतात. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. ऑगस्टची पिशवी मेमध्ये उपयोगाची नाही. मेमध्ये कॉलेजे बंद, लोक गावी गेलेले, आणि महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत तुटवडा. रक्तपेढीला विचारून त्या दिवसांत वीस दाते जमवणारा क्लब माझ्या मते जुलैत शंभर जमवणाऱ्याइतकाच मोठा.

पूर्वी तिशीनंतर सभासदत्व संपत असे. १ जुलै २०२० पासून ही वयोमर्यादा गेली आणि पालक रोटरी क्लब नसतानाही रोटरॅक्ट क्लब काढण्याची मुभा मिळाली. जुलै २०२२ पासून रोटरी इंटरनॅशनलला द्यायची दरडोई वार्षिक वर्गणीही आली : कॉलेजच्या क्लबांना ५ डॉलर, इतरांना ८. अनुभवी माणसे आता टिकून राहतात, ही चांगली गोष्ट. मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी बैठकीत तोंड उघडावे, यासाठी थोरल्यांनी मुद्दाम गप्प बसायला शिकावे लागते.

जूनअखेर जुना सचिव नव्याच्या हाती फाइल देतो. तीत फोटो आणि बातम्यांची कात्रणे असतातच. काम नीट झाले असेल तर रक्तपेढीतल्या माणसाचा नंबर असतो, मंडपवाल्याचा हिशेब असतो, आणि थेंब तरंगलेल्या मुलींची यादी असते, प्रत्येक नावापुढे पुढच्या तपासणीची तारीख घातलेली.