प्रश्नावली छापण्याआधी कोरा नमुना दाखवा

सामाजिक उद्योजकता, समाजकार्य आणि व्यवस्थापन या विषयांत लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की आमच्या टायपिंग, डेटा एन्ट्री आणि बाइंडिंगच्या काउंटरवर एकच विचारणा होते: 'फॉर्म भरून झालेत, टेबलं कधी मिळतील?' पिशवीत शंभरेक भरलेल्या प्रश्नावल्या असतात, गाईडना चौथे प्रकरण सोमवारी हवे असते आणि आता फक्त कॉम्प्युटरचे काम उरले, असा विद्यार्थ्याचा समज असतो. टेबले आणि आलेख आम्ही रोज करतो, त्यात काही अडचण नाही. अडचण गठ्ठा सोडल्यावर दिसते. पहिले आठ-दहा फॉर्म चाळले की लक्षात येते, निम्म्या प्रश्नांची उत्तरे मोजताच येणार नाहीत. मग पुन्हा गावात जावे लागते. तोवर रोपलावणी लागलेली असते किंवा सुगी सुरू झालेली असते, बायका घरी भेटत नाहीत आणि महिना वाया जातो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे: शंभर झेरॉक्स काढण्याआधी कोरी प्रश्नावली आमच्याकडे आणा. डेटा एन्ट्री आमच्याकडे करणार असाल, तर ती वाचून देण्याचे आम्ही काही घेत नाही. दोन दिवस मात्र द्यावे लागतील. 'नुसती नजर टाका' म्हणून उभ्या उभ्या दाखवू नका. प्रत्येक प्रश्नाचे टेबल कसे होईल हे कागदावर आखून पाहिल्याशिवाय चूक सापडत नाही.

नेहमी येणारा एक प्रश्न घ्या: 'संस्थेत आल्यापासून तुमचे उत्पन्न व आत्मविश्वास वाढला का? होय / नाही.' एकाच चौकटीत दोन प्रश्न कोंबले आहेत. अथणीकडची चप्पल शिवणारी बाई सांगते, चारचौघांत बोलायला शिकले, बँकेत एकटी जाते, पण जोडामागची मजुरी आहे तेवढीच आहे. तिने खूण कुठे करायची? समोर शहरातून आलेली, मुलीच्या वयाची विद्यार्थिनी बसलेली असते. तिचे मन कशाला मोडा, म्हणून 'होय'वर खूण होते. शंभर फॉर्म, शंभर 'होय'. टेबल दिसायला सुरेख दिसते, पण व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच टेबलावर बोट ठेवतात. दोन प्रश्न वेगळे करा आणि 'होय / नाही'च्या जागी 'काय बदलले ते सांगा' म्हणून दोन ओळी सोडा. त्या दोन ओळींतले शब्द वाचून गट पाडायचे काम आम्ही तुमच्यासोबत बसून करतो. प्रबंधाचा सगळ्यात वाचनीय भाग तिथूनच निघतो, असा आमचा अनुभव आहे.

उत्पन्नाच्या चौकटींचेही तसेच. '5,000 ते 10,000' आणि '10,000 ते 15,000' अशा दोन चौकटी असल्या, तर बरोबर दहा हजार मिळवणारी बाई कुठे बसते? दुसरी चौकट 10,001 पासून धरा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'मासिक उत्पन्न' हा प्रश्नच पुष्कळ ठिकाणी लागू पडत नाही. चपलेच्या कामात कातडे कापणे पुरुषाकडे, वेणी विणणे आणि शिवण बाईकडे. मजुरी जोडावर ठरते, पैसे घरात एकत्र येतात, आणि पावसाळ्यात काम मंदावते. अशा घरात बाईला 'तुमचे मासिक उत्पन्न' विचारले की ती अंदाजाने एक आकडा सांगते आणि तुम्ही तो लिहून घेता. त्याऐवजी असे विचारा: गेल्या आठवड्यात घरात किती जोड झाले? जोडामागे काय मिळाले? पैसे कोणाच्या हातात आले? आठवड्यापूर्वीचे माणसाला आठवते. महिन्याचा हिशोब आम्ही एक्सेलमध्ये करू. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर तुमच्या 'महिला सक्षमीकरण' या प्रकरणाचा कणा ठरते.

आता बेळगावच्या या सीमाभागातल्या प्रबंधांना हमखास नडणारी गोष्ट. कर्नाटकात 2023 पासून गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर जमा होतात. त्याच वर्षापासून शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसला तिचे तिकीट पडत नाही. तुम्ही 2022 चे आणि आत्ताचे उत्पन्न विचारले आणि फरक 'संस्थेच्या उपक्रमामुळे' म्हणून लिहिला, तर त्यात गृहलक्ष्मीचे किती आणि संस्थेचे किती? फॉर्मवर वेगळी चौकट नसेल तर नंतर कोणालाच सांगता येणार नाही, आम्हालाही नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करणाऱ्यांना तर ही चौकट हवीच हवी. पलीकडे महाराष्ट्रात चंदगड, कागल, गडहिंग्लजला लाडकी बहीणचे दरमहा 1,500 रुपये 2024 पासून सुरू झाले आणि एसटीला बायकांना निम्मे तिकीट आहे. दोन राज्यांतले आकडे शेजारी ठेवताना ही रक्कम आधी वजा करावी लागते.

कोल्हापूर, पुणे, मुंबईला शिकणारी आपली मुले फिल्डवर्कला गावी येतात तेव्हा प्रश्नावली तिकडूनच छापून आणतात. त्यात 'उमेद' आणि 'माविम' अशा महाराष्ट्रातल्या बचतगटांच्या चौकटी असतात. खानापूर तालुक्यातली बाई या दोन्हींत नसते. तिचा बचतगट कर्नाटकातला: स्त्रीशक्ती संघ असतो, संजीवनीचा गट असतो किंवा धर्मस्थळाचा संघ असतो. बऱ्याचदा यातले दोन एकदम असतात, वर एखाद्या मायक्रोफायनान्सचे कर्जही असते. मग 'गटात आल्यापासून' असे विचारल्यावर तिने कोणता गट धरायचा? प्रत्येक गटाचे नाव, वर्ष आणि चालू कर्ज यांना तीन रकाने द्या. फॉर्म अर्ध्या पानाने वाढेल, पण पुढचा सगळा गोंधळ टळेल.

तीन भाषांचा मुद्दा इथल्याशिवाय दुसरीकडे फारसा येत नाही. गाईडना इंग्रजी प्रत हवी, खानापूर-बेळगावात मराठी, बैलहोंगल-सौंदत्तीकडे कन्नड. तिन्ही प्रती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी टाइप होतात. मराठीत एखादा प्रश्न वाढतो, कन्नडमध्ये दोन प्रश्न जोडले जातात. मराठी फॉर्मचा 14 वा प्रश्न कर्जाचा आणि कन्नड फॉर्मचा 14 वा प्रश्न मुलांच्या शाळेचा, असे गठ्ठे आमच्याकडे येतात. एन्ट्री करणाऱ्या मुलीला दोन्ही भाषा येतात म्हणून ते कळते, नाहीतर आकडे चुकीच्या रकान्यात जाऊन बसले असते. आम्ही तिन्ही भाषा एकाच कागदावर शेजारी-शेजारी लावून एकच क्रमांक देतो आणि मग वेगळ्या प्रती काढतो. हे काम दुसरीकडे करून घेतलेत तरी हरकत नाही, पण क्रमांक जुळवल्याशिवाय गावात जाऊ नका.

गटाच्या साप्ताहिक बैठकीत बसून पंधरा फॉर्म एका तासात भरायचा मोह टाळा. तिथे अध्यक्षा बोलते, बाकीच्या मान हलवतात. पंधरा फॉर्मवर एकाच शाईच्या सारख्याच खुणा दिसल्या की आम्ही विद्यार्थ्याला परत विचारतो. काहींना राग येतो. पण अशा पंधरा फॉर्मना एन्ट्रीत पंधरा धरले, तरी माहिती एकाच बाईची असते. बैठकीत ओळख करून घ्या, चहा घ्या, आणि प्रश्न विचारायला प्रत्येकीच्या घरी जा.

प्रश्नावलीइतकीच संस्थेची कागदपत्रे महत्त्वाची, आणि ती मागायची विद्यार्थ्यांना भीड वाटते. सामाजिक उद्योजकतेचा प्रबंध असेल तर संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे पहिल्या भेटीतच विचारा. ट्रस्ट, 1960 च्या कर्नाटक कायद्याखालची सोसायटी, कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालची कंपनी, 1997 च्या कर्नाटक कायद्याखालची सौहार्द सहकारी संस्था आणि उत्पादक कंपनी या सगळ्यांचे नफ्याचे नियम वेगळे आहेत. कलम 8 च्या कंपनीला सभासदांत लाभांश वाटता येत नाही, सहकारी संस्थेला ठरलेल्या मर्यादेत वाटता येतो. आपल्या भागात 2002 च्या कायद्याखालच्या मल्टिस्टेट सहकारी संस्थाही पुष्कळ आहेत, कारण त्यांचे सभासद दोन्ही राज्यांत आहेत. हे न पाहता 'संस्थेचा नफा' असे टेबल केले तर ते कशाशीच ताडून पाहता येत नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मिळवा आणि उत्पन्नाचे दोन भाग करा, विक्रीतून आलेले आणि अनुदान-देणगीतून आलेले. संस्था अनुदान थांबल्यावर चालेल का, हा तुमच्या विषयाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर बायकांच्या फॉर्ममधून निघत नाही, ताळेबंदातून निघते.

आता 'प्लॅजरिझम कमी करून द्या' याबद्दल. हे काम आम्ही करत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यावे लागते. 40 ते 60 ला एक वर्ष प्रबंध देता येत नाही आणि 60 च्या पुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि स्रोत देऊन घेतलेली अवतरणे यात धरत नाहीत. शब्द इकडचे तिकडे करून आकडा खाली आणणारे लोक आहेत, पण त्या वाक्यांचा अर्थ राहत नाही आणि परीक्षकांना ते वाचताच कळते.

साम्य सर्वांत जास्त दुसऱ्या प्रकरणात सापडते, कारण तिथे सगळ्यांनी तेच लिहिलेले असते: बांगलादेशची ग्रामीण बँक, मुहम्मद युनूस यांना 2006 चे शांततेचे नोबेल, 1959 मध्ये सात जणींनी 80 रुपयांवर सुरू केलेला लिज्जत पापड. हे एका परिच्छेदात आटोपा आणि आपल्या शेजारी या. गदगजवळच्या कणगिनहाळला 1905 मध्ये देशातल्या अगदी सुरुवातीच्या कृषी पतपुरवठा सहकारी संस्थांपैकी एक नोंदली गेली. बेळगावजवळच्या हुदलीत गंगाधरराव देशपांडे यांनी खादीचे काम उभे केले आणि 1937 मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले. खानापूरला खादी आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसल्यापासून चपलेवर विषय घेणारे वाढले आहेत. त्यांच्यातही फार थोडे जण लिहितात की या चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार कर्नाटकातले जिल्हेही आहेत. दोन राज्यांतल्या कारागिरांचे एकच मानांकन, हा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यासाठी तयार विषय आहे. तो कोणी हाती घेतला तर आम्हाला मनापासून आनंद होईल.

निष्कर्ष लिहून देणे, रिकामी उत्तरे 'ॲडजस्ट' करणे, न भरलेले फॉर्म भरणे ही कामे कितीही पैसे दिले तरी इथे होत नाहीत. दोन दिवसांत अख्खा प्रबंध देणारी ठिकाणे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. व्हायव्हाला मात्र तुम्हालाच बसायचे असते, आणि ज्या बायकांनी रोजगार बुडवून तुम्हाला तास-दीड तास दिला, त्यांचे म्हणणे त्या पानांवर खरे उतरायला हवे. याच कारणाने देवदासी प्रथेतून बाहेर आलेल्या महिलांवर काम करणाऱ्यांना विनंती: फॉर्मवर नाव, गल्ली, फोन नंबर लिहू नका, फक्त क्रमांक टाका. नावांची यादी तुमच्याकडेच ठेवा. ती आमच्या कॉम्प्युटरवर येऊ देऊ नका. एन्ट्री झाल्यावर मूळ फॉर्म आम्ही परत देतो, प्रत ठेवत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. श्रीलिपी, शिवाजी किंवा कन्नडच्या नुडी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल तर बदलून देऊ, पण जोडाक्षरे पुन्हा तपासावी लागतात आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. मुलाखतीचे रेकॉर्डिंग मराठी असो, कन्नड असो की दोन्ही मिसळलेले, उतरवून देतो. फक्त फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून रेकॉर्ड करा, पंख्याखाली नको. हार्ड बाइंडिंग गाईडची सही झालेले प्रमाणपत्र हातात आल्यावरच करतो, कारण सहीसाठी बांधलेली प्रत उसवली तर ती पहिल्यासारखी होत नाही.

कोरी प्रश्नावली वर्ड फाईलमध्ये पाठवली तरी चालेल. सोबत गाईडनी मान्य केलेला विषय आणि उद्दिष्टे यांचे पान जरूर जोडा. कोणता प्रश्न कोणत्या उद्दिष्टासाठी आहे हे त्यावरूनच कळते, आणि ज्या प्रश्नासमोर उद्दिष्ट सापडत नाही तो गाळावा का, हे गाईडना विचारायला तुमच्या हातात वेळ राहतो.