सेफ्टीलाच शिव्या का पडतात: मार्कस विल्यम्सच्या हुकलेल्या टॅकलमागची चाळीस वर्षं

मार्कस विल्यम्सचं नाव काढलं की एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्या कुणालाही १४ जानेवारी २०१८ चा तो एकच क्षण आठवतो, अगदी शेवटच्या सेकंदांत न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या या सेफ्टीची टॅकल हुकली आणि टीम हरली तो, आणि त्यावरून त्याला जे बोललं गेलं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर अजिबात पटत नाही. पण का पटत नाही हे सांगायचं तर आधी सेफ्टी या जागेचं गेल्या चाळीसेक वर्षांत काय काय झालंय ते बघावं लागेल.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिफेन्सच्या अकरा जणांमधले सगळ्यात मागे उभे असतात ते सेफ्टी, बहुतेक वेळा दोन. पुढचे सगळे चुकले, बॉल वरून निघून गेला, रिसीव्हर (पास झेलणारा) सुटला की उरतो फक्त हा. कबड्डीत एकटा उरलेला डिफेंडर आणि समोर फॉर्मातला रेडर अशी अवस्था, फक्त इथे मैदान ५३ यार्ड रुंद आणि मागे कुणीच नाही. त्याने टॅकल केली, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडलं, तर ती आणखी एक टॅकल, चुकला तर टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे आणि समोरच्यांना पॉइंट. त्यात टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे असतो, त्यामुळे खोलवर उभा असलेला सेफ्टी बहुतेक वेळ स्क्रीनवर दिसतच नाही, दिसतो तो बॉल त्याच्याकडे गेल्यावर, म्हणजे बऱ्याचदा काहीतरी बिघडल्यावर. सगळे बावीस खेळाडू दिसतील असं कोचेसचं फुटेज तर एनएफएलने सामान्य लोकांना २०१२ पासून बघायला दिलं, तोपर्यंत चूक नेमकी कुणाची हे फॅनला कळायची सोयच नव्हती.

आता इतिहास. सत्तरच्या दशकात सेफ्टीकडून अपेक्षा एकच होती, भीती घाला. मधल्या भागात बॉल घ्यायला येणाऱ्या रिसीव्हरला असं हाणा की पुढच्या वेळी तो हात आखडता घेईल. ओकलंड रेडर्सचा जॅक टेटम याच्यासाठीच प्रसिद्ध होता आणि लोक त्याच्यावर खूश होते. मग १२ ऑगस्ट १९७८ ला, सीझन सुरू व्हायच्या आधीच्या एका मॅचमध्ये, म्हणजे जिच्या निकालाला काही किंमत नव्हती अशा मॅचमध्ये, त्याने पेट्रियट्सच्या डॅरिल स्टिंगलीला धडक दिली. स्टिंगली २६ वर्षांचा होता. मानेखालचं शरीर लुळं पडलं ते कायमचंच, २००७ मध्ये तो गेला. त्या धडकेवर पेनल्टीचा झेंडासुद्धा पडला नव्हता कारण नियमात ती बसत होती! टेटमला लोकांनी आयुष्यभर माफ केलं नाही, आणि मला त्यातलं हेच खुपतं की आदल्या दिवसापर्यंत त्याच खेळासाठी टाळ्या वाजवणारे लोक ते.

त्याच वर्षी, पण वेगळ्या कारणाने, दुसरा बदल झाला होता. मॅचेसमध्ये पॉइंट फार कमी होत होते म्हणून लीगने नियम केला की पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायची नाही. पासिंग सुटलं, मैदान मोकळं झालं आणि त्या मोकळ्या मैदानाची राखण आली सेफ्टीच्या गळ्यात. म्हणजे काम वाढलं, आणि पुढे हळूहळू हत्यारं काढून घेतली गेली. २००४ च्या सीझनमध्ये काउबॉयजच्या रॉय विल्यम्सने (हा वेगळा विल्यम्स, पण तोही सेफ्टीच) टेरेल ओवेन्सला मागून कॉलरला धरून पाडलं, ओवेन्सचा पाय मोडला, २००५ मध्ये तसली टॅकलच बंद झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वीकेंडच्या धडकांवरून लीगने मोठे दंड ठोकले, पेट्रियट्सच्या ब्रँडन मेरीवेदरला ५०,००० डॉलर, आणि इथून पुढे सरळ सस्पेंड करू असं सांगून टाकलं.

हे नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाहीये, उलट ते उशिराच आले. ईगल्सचा सेफ्टी आंद्रे वॉटर्स २००६ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी आत्महत्येने गेला. बेअर्सकडून सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला सेफ्टी डेव्ह डुअर्सन फेब्रुवारी २०११ मध्ये, पन्नाशीत, तसाच गेला, आणि माझा मेंदू संशोधनासाठी द्या असं मागे सांगून गेला. दोघांच्याही मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारातून होणारा आजार. हे वाचल्यावर जुन्या जोरदार धडकांचे व्हिडिओ मला पहिल्यासारखे बघवत नाहीत.

प्रश्न एवढाच की लोकांची अपेक्षा तिथल्या तिथेच राहिली. जोरात मारलं तर गुंड, नाही मारलं तर घाबरट, आणि दोन्ही बाजूंनी सेफ्टीच. २०२३ मध्ये ब्रॉन्कोजच्या करीम जॅक्सनला धडकांपायी एकाच सीझनमध्ये दोनदा सस्पेंड केलं. आणि त्याच टीमच्या रहीम मूरचं बरोबर उलटं झालं होतं. १२ जानेवारी २०१३, डेन्व्हर, मरणाची थंडी, ब्रॉन्कोज ३५-२८ ने पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही, आणि रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो फ्लॅकोने उंच फेकलेला बॉल मूरच्या हातावरून रिसीव्हर जकोबी जोन्सकडे गेला. ७० यार्डांचा टचडाउन. मॅच लांबली, रेव्हन्स ३८-३५ ने जिंकले आणि पुढे सुपर बोलही घेऊन गेले. त्या मॅचमध्ये ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे दोन पास इंटरसेप्ट झाले होते, म्हणजे समोरच्या टीमने झेलले होते, एकावर थेट टचडाउन झाला आणि दुसरा एक्स्ट्रा टाइममध्ये गेला ज्याच्यावरून रेव्हन्सनी विजयाची किक मारली, पण नाव खराब झालं ते मूरचं. त्याने स्वतःच पुढे येऊन दोष घेतला तरी लोक थांबले नाहीत.

अशा सगळ्या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये मार्कस विल्यम्स लीगमध्ये आला, युटा युनिव्हर्सिटीतून, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४२ वा पिक, न्यू ऑर्लिन्स सेंट्स. पहिल्याच सीझनमध्ये ४ इंटरसेप्शन. प्लेऑफमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सविरुद्ध सेंट्स हाफटाइमला १७-० ने मागे होते, तिथून जी टीम परत आली त्यात विल्यम्सचंही एक इंटरसेप्शन होतं, हे आज कुणाला आठवत नाही. शेवटी स्कोअर सेंट्स २४, व्हायकिंग्स २३. दहा सेकंद बाकी, व्हायकिंग्स स्वतःच्या ३९ यार्ड लाइनवर, टाइमआउट एकही नाही.

इथे नीट बघा. व्हायकिंग्सला साइडलाइनच्या बाहेर जाऊन घड्याळ थांबवायचं होतं. पास ज्याच्याकडे येत होता त्या त्यांच्या रिसीव्हरला, स्टेफॉन डिग्सला, मैदानाच्या आत पाडलं असतं तर मॅच संपली असती. पण बॉल पोचायच्या आधी विल्यम्सने त्याला हात लावला असता तर पास इंटरफिअरन्स, आणि एनएफएलमध्ये त्याची शिक्षा म्हणजे जिथे फाउल तिथे बॉल, म्हणजे व्हायकिंग्सला साधारण ५० यार्डांच्या, तीन पॉइंटच्या किकचा चान्स आणि सेंट्सला एकाच पॉइंटची लीड. व्हायकिंग्सचा क्वार्टरबॅक केस कीनमने फेकलेला बॉल हवेत असताना हे सगळं २१ वर्षांच्या पोराच्या डोक्यात. तो खाली वाकून घुसला, डोकं खाली, डिग्स उडी मारून वर, विल्यम्स खालून निघून गेला आणि आपल्याच साथीदाराला जाऊन धडकला, जो नाहीतर कदाचित डिग्सला गाठू शकला असता. डिग्सने हात टेकून तोल सावरला आणि पळाला. ६१ यार्ड, वेळ संपलेली, २९-२४.

टेक्निक चुकलं, यात वादच नाही. डोळे वर ठेवायचे, डिग्सला खाली येऊ द्यायचं आणि मग मिठी मारायची, हेच शिकवतात. पण ऑनलाइन जे झालं ते टेक्निकबद्दल नव्हतंच, सोडून दे, निघून जा, आणि त्याहून घाण. पोरगा रडवेला होता तरी लॉकर रूममध्ये बसून पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिला, जबाबदारी माझी म्हणाला. गंमत नाही ही, भल्याभल्यांना जमत नाही. आणि मार्च २०१८ मध्ये, दोनच महिन्यांनी, लीगने डोकं खाली घालून धडक मारण्यावरच पेनल्टी आणली.

त्यानंतर सेंट्सनी त्याला आणखी चार सीझन त्याच जागेवर, सगळ्यात मागे उभं केलं, २०२१ मध्ये फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष राखून ठेवायची सोय) लावून ठेवून घेतलं, आणि २०२२ मध्ये रेव्हन्सनी पाच वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा करार दिला. फिल्म बघणारे लोक ज्याला शेवटचा माणूस म्हणून एवढे पैसे देतात त्याला टॅकल येत नाही हे मी मान्य करणार नाही. रेव्हन्सकडे मात्र नशीब फिरलं, आधी मनगट, मग २०२३ मध्ये पहिल्याच मॅचला छातीचा स्नायू, आणि २०२४ मध्ये टीमच्या पास डिफेन्सचे हाल झाले तेव्हा त्याला बेंचवर बसवलं, मार्च २०२५ मध्ये करारही मोडला. त्या शेवटच्या सीझनवर टीका झाली ती रास्तच होती, तो हळू दिसत होता, खोलवरचे पास त्याच्या बाजूने जात होते. ते बोला ना. पण त्यातही उत्तर म्हणून २०१८ ची क्लिप चिकटवायची म्हणजे मधल्या सात वर्षांत त्याने केलेलं एक कामसुद्धा बघितलं नाही असा अर्थ होतो.