वाळूच्या पोटात ठरतं, मुलगा की मुलगी

"कासवी अंड्यांवर बसत नाही, पिल्लांना भरवत नाही. ती समुद्रातून नुसती बघते, आणि तिच्या नजरेवर पिल्लं वाढतात."

कोकणातल्या वेळासच्या पुळणीवर, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेले आणि बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उकिडवे बसलेले एक आजोबा नातीला हे सांगत होते. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. सकाळच्या फेरीत एकही पिल्लू निघालं नव्हतं, त्यामुळे दोनेकशे माणसं दिवसभर मोदक आणि सोलकढी पचवून पुन्हा तिथेच जमली होती. नातीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आबा, यातली मुलगी कुठली?"

आबा गप्प. हॅचरीच्या, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणाच्या, जाळीत उभा असलेला कासवमित्र (अंडी राखणारा गावकरी) हसला आणि म्हणाला, "बाळा, ते आम्हालाही दिसत नाही." त्याने घरट्यावरची पुढची टोपली उचलली. त्या प्रश्नाचं उत्तर मी परतीच्या वाटेवर गाडीत बायकोला देत होतो. ती माणगावच्या पुढे झोपून गेली. म्हणून आता तुम्हाला.

आधी नजरेचं निकालात काढू. कासवीच्या कृपादृष्टीची उपमा संतांच्या अभंगांत येते आणि देवाच्या मायेबद्दल बोलताना ती शोभतेही. पण उपमेला प्राणिशास्त्र समजू नये. वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची मादी रात्री वर येते, भरतीरेषेच्या वर कोरडी वाळू गाठते आणि मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. खड्ड्याचा आकार माठासारखा, तोंड अरुंद आणि पोट फुगीर. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंग डावी-उजवीकडे आपटून ती चोपते आणि तासाभरात समुद्रात परत. पुन्हा बघायला म्हणून येत नाही. पिल्लं निघतात तेव्हा ती कुठल्या कुठे गेलेली असते.

म्हणजे आईने पिल्लांना दोनच गोष्टी दिल्या. अंड्यातला बलक, आणि जागा. ही जागाच पुढे मुलगा की मुलगी ते ठरवते.

माणसात हा निकाल गर्भधारणेच्या क्षणी लागतो. आईकडून एक्स येतोच, बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे अजूनही सांगावं लागतं, हे आपलं दुर्दैव.) सागरी कासवांत असली लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. अंडं घातलं जातं तेव्हा आतला गर्भ ना नर असतो ना मादी. वाळू थंड राहिली तर नर, तापली तर मादी. वाळूचं तापमान जिथे असताना निम्मे नर आणि निम्म्या माद्या निपजतात, तो बिंदू बहुतेक सागरी कासवांत २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याच्या खाली-वर दोनेक अंश सरकलं की काटा जवळजवळ पूर्ण एका बाजूला झुकतो. दोन अंश म्हणजे सुरूच्या झाडाची सावली आणि उघडी पुळण यांतला फरक.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती कासवात नव्हे, सरड्यात. १९६६ मध्ये सेनेगलमधल्या डाकारला मादलेन शार्निए या संशोधिकेने आगामा जातीच्या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानाला उबवली, तर पिल्लांचं नर-मादी प्रमाणच बदललं. बराच काळ तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे कासवांत, मगरींत हेच सापडत गेलं. मगरींची तऱ्हा आणखी वेगळी: फार थंडीत मादी, फार उन्हात मादी, आणि मधल्या ऊबेत नर.

पण ऊब गर्भाला कळते कशी? मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. जरा नेट लावून वाचा.

अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. त्याचे तीन सारखे हिस्से केले, तर पहिला हिस्सा लिंगाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा, शेवटचाही. निकाल लागतो तो मधल्या हिश्श्यात. त्या वेळी गर्भाच्या पोटात जननग्रंथीचा एक इवला उंचवटा असतो. त्याचा वृषणही होऊ शकतो आणि अंडाशयही. वृषणाच्या वाटेला लावणारा एक जनुक आहे, डीएमआरटी-१. तो प्रत्येक गर्भात असतो, नर होणाऱ्या आणि मादी होणाऱ्याही. प्रश्न फक्त तो वाचला जातो की नाही, एवढाच.

आपला डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. या रिळांवर ठरावीक जागी मेथिल नावाचे चिमुकले रासायनिक गट चिकटवले की तिथला डीएनए आवळला जातो आणि त्यावरचा जनुक बंद राहतो. कपाटाला कुलूप घातल्यासारखं. डीएमआरटी-१ ला असंच कुलूप असतं. ते काढणारं एक विकर (एन्झाइम) आहे, केडीएम-६बी. वाळू थंड असेल तर हे विकर भरपूर तयार होतं, मेथिलचे गट खरवडून काढतं, जनुक उघडा पडतो आणि उंचवट्याचा वृषण होतो. हे २०१८ मध्ये समजलं. त्या प्रयोगात केडीएम-६बी दाबून टाकलं, तर नराच्या तापमानाला उबवलेल्या अंड्यांतल्याही बहुतेक गर्भांत अंडाशय तयार होऊ लागले.

मग उष्णतेत हे विकर गप्प का बसतं? त्याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं. तापमान चढलं की पेशींत कॅल्शियम शिरतं. त्याने स्टॅट-३ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडला जातो आणि ते जागं होतं. जागं झालेलं स्टॅट-३ केडीएम-६बीचा जनुक दाबून धरतं. कुलूप काढणाराच कामावर नाही, म्हणून कुलूप तसंच राहतं आणि डीएमआरटी-१ झोपलेला. अंडाशयाचा मार्ग मोकळा होतो, अ‍ॅरोमाटेज हे विकर नर-संप्रेरकाचं इस्ट्रोजेन करू लागतं आणि मादी तयार होते. म्हणजे ऊन, कॅल्शियम, स्टॅट-३, केडीएम-६बी, मेथिल, डीएमआरटी-१ अशी साखळी. पहिल्या कडीला सूर्य आणि शेवटच्या कडीला लेक. माझी बायको याच टप्प्यावर झोपली, हे कबूल केलं पाहिजे.

आता एक गंमत. हे प्रयोग ऑलिव्ह रिडलेवर झालेले नाहीत. ते झाले लाल कानपट्टीच्या अमेरिकी कासवावर, ज्याची अंडी २६ अंशांना उबवली की नर निघतात आणि ३२ ला माद्या. हे कासव तुम्ही पाहिलेलं आहे. मासे विकणाऱ्या दुकानात काचेच्या पेटीत तळहाताएवढी हिरवी पिल्लं वळवळत असतात, डोळ्यांमागे लाल पट्टा असतो, तीच ही. घरात उत्तरेला ठेवलं की पैसा येतो, असं सांगून ती खपवली जातात. पैसा येतो हे खरं आहे, दुकानदाराकडे. पुढे कासव ताटाएवढं झालं की लोक ते गावच्या तळ्यात सोडून देतात आणि ते तिथल्या देशी कासवांच्या जिवावर उठतं. सागरी कासवांतही साखळी साधारण अशीच असेल असा कयास आहे; कड्या थोड्या इकडच्या तिकडे असू शकतील.

पुन्हा वेळासला येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव, बाणकोटच्या किल्ल्याला लागून. हरिहरेश्वरकडून येणारे बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवून वेसवीला उतरतात. पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी सर्रास उकरून नेली जात. माणसाच्या हातून सुटली तर कुत्री, कोल्हे, खेकडे होतेच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पुढे त्याचा कासव महोत्सव झाला, घराघरांत पाहुणे राहू लागले, आंजर्ल्यासारख्या इतर गावांनीही हे काम उचललं आणि वनखातं त्यात उतरलं. अंडी विकण्यापेक्षा राखण्यात चार पैसे जास्त आहेत हे गावाला पटलं. माझ्या मते यात कुठल्याही भाषणापेक्षा फणसाच्या भाजीचा वाटा मोठा आहे.

हॅचरी म्हणजे पुळणीवरच जाळीने बंदिस्त केलेला तुकडा. कासवमित्र रात्री-पहाटे किनारा तुडवतो. वाळूत कासवाच्या वल्ह्यांचा माग दिसला की घरटं शोधतो, अंडी काढून हॅचरीत आणतो आणि मूळ खड्ड्याच्या खोलीचा, मापाचा खड्डा करून त्यात ठेवतो. हे काम पहिल्या काही तासांतच उरकावं लागतं. आईच्या पोटात असताना प्राणवायू कमी असल्याने गर्भाची वाढ थबकलेली असते. अंडं बाहेर पडलं की ती पुन्हा सुरू होते, आणि गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ दगावतो.

इथेच मला थोडी चुटपुट आहे. मोकळ्या पुळणीवर एक कासवी सुरूच्या सावलीला अंडी घालते, दुसरी भर उन्हात, तिसरी भरतीच्या ओलीजवळ. कुठे नर जास्त, कुठे माद्या जास्त, हिशेब आपोआप जुळतो. हॅचरीत मात्र सगळी घरटी एकाच तुकड्यात येतात. तो तुकडा उघड्यावर असला तर सगळीच घरटी तापणार, गच्च सावलीत असला तर सगळीच गारठणार. जागा निवडण्याचं आईचं काम आपण आपल्याकडे घेतलं आहे, तर तिची जोखीमही आपल्याच गळ्यात पडते. उपाय अवघड नाहीत. काही घरट्यांवर हिरवी जाळी बांधायची, काही उघडी ठेवायची आणि घरट्यात बटणाएवढं तापमापक पुरायचं. शेवटच्या हिश्श्यात शंभर गर्भांच्या अंगच्या उष्णतेने घरटं एरवीही एक-दोन अंशांनी तापतं, पण तोवर निकाल लागून गेलेला असतो. म्हणून महत्त्वाचे ते मधले पंधरा-वीस दिवस.

"नर कासवं संपणार" अशा मथळ्यांबद्दलही बोललं पाहिजे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या सागरी कासवांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या तरुण कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या. आकडा खरा आहे आणि धडकी भरवणाराही. पण एक नर एका मोसमात अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असणं हे संकट नव्हे. ९९ टक्के म्हणजे मात्र थोड्या जास्त नव्हेत. ही जात जुनी आहे, तिने आधीही उन्हाळे-हिवाळे पचवलेत. फक्त एवढ्या घाईने कधी पचवावे लागले नसतील. शिवाय वाळू ३४-३५ अंशांवर टिकून राहिली तर नर-मादीचा प्रश्नच उरत नाही, अंडी आतच मरतात.

दुसरा लाडका समज असा, की मादी अंडी घालायला हटकून जन्मगावीच येते. सर्वसाधारणपणे ते बरोबरही आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या किनाऱ्यावरची खूण पिल्लं लक्षात ठेवत असावीत, याला चांगले पुरावे आहेत. पण मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. माहेर तिकडचं की इकडचं, तिलाच ठाऊक.

त्या संध्याकाळी शेवटी ३१ पिल्लं निघाली. टोपलीखाली वाळू आधी किंचित खचली, मग एक काळपट नाक वर आलं, मग एकदम सगळी. कासवमित्राने ती दोरीच्या पलीकडे वाळूवर ठेवली. पाण्यापासून जरा लांबच, म्हणजे ती स्वतःच्या वल्ह्यांनी चालत जातील. ती उजेडाकडे जातात, समुद्रावरच्या फिकट आभाळाकडे. एका हौशी गृहस्थाने मोबाइलचा दिवा लावल्याबरोबर तीन पिल्लं वळून त्याच्याच चपलांकडे निघाली. गृहस्थ खूश, कासवमित्र संतापला.

नर-मादी बाहेरून खरंच दिसत नाही. वयात आल्यावर नराचं शेपूट लांब होतं. पिल्लात बघायचं तर आतली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. पण एक अंदाज बांधता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. वाळू जितकी गरम तितकी अंडी लवकर उबतात. प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी असते. गर्दी पांगल्यावर मी त्या मुलीला जाळीपाशी नेलं आणि रिकाम्या टोपलीजवळची पाटी दाखवली: २० जानेवारी, १०८ अंडी. आज १२ मार्च. तिने बोटांवर मोजलं, मध्ये एकदा फेब्रुवारीत अडखळली, आणि म्हणाली, "एक्कावन्न."

अंडं फुटल्यावर वाळूतून वर यायला लागलेले चार-पाच दिवस त्यातून वजा कर, म्हटलं. सेहेचाळीस-सत्तेचाळीस. पंचावन्न-साठ असते तर मुलगे जास्त म्हटलं असतं, चाळीसच्या जवळ असते तर मुली. हे मधलं, दोन्ही असतील.

"आणि एप्रिलमधल्या?"

कासवमित्र आत टोपल्या रचत होता. "एप्रिलात वाळूवर पाय ठेववत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मुली," ती म्हणाली आणि पुढच्या पाटीवरची तारीख वाचायला गेली.