एअर रायफल, ब्रिटिश ग्रामजीवनातील

दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा उडवणारी लांब नळीची बंदूक. मराठीत तिला सरसकट छर्‍याची बंदूक म्हणतात. विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तिने शेतावरचे उंदीर आणि ससे मारले, पोराटोरांना नेम धरायला शिकवले आणि पबमधल्या संध्याकाळी रंगवल्या. आज तिच्या जुन्या नमुन्यांवर जीव टाकणारा शौकिनांचा मोठा वर्ग तिथे आहे. बांबूच्या काठ्या आणि पितळी रिळे जपणारे मासेमारीचे शौकीनही बरेचदा याच मंडळींपैकी असतात, म्हणून त्या साहित्याचाही विचार इथे केला आहे.

उगम. हवेच्या बंदुका जुन्याच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे जिरार्डोनीने बनवलेली हवेची रायफल होती. मात्र तिची हवेची टाकी हातपंपाने भरत बसावे लागे आणि ती सामान्यांच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि अमेरिकेतून स्प्रिंगच्या स्वस्त बंदुका आल्या, पण त्या दिवाणखान्यातल्या करमणुकीच्या लायकीच्या. चित्र पालटले ते बर्मिंगहॅमचा बंदूककार लिंकन जेफ्रीज याच्या 1904 च्या पेटंटमुळे. बहुतेक स्वस्त बंदुकांत नळी बिजागरीपाशी दुमडून स्प्रिंग ताणावी लागे. बिजागरी ढिली झाली की नेम गेलाच. जेफ्रीजने नळी पक्की बसवली, ताणायची दांडी तिच्याखाली दिली आणि छर्रा घालण्यासाठी वर फिरती तोटी ठेवली. 1905 पासून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए, ही बंदूक बनवू लागली. 1861 मध्ये स्थानिक बंदूककारांनी एकत्र येऊन काढलेल्या या कंपनीकडे लष्करी रायफली बनवणारी यंत्रे आणि कसबी हात होते. दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध संपल्यावर लष्करी मागणी ओसरली होती, आणि सामान्य माणसाला नेमबाजी आली पाहिजे ही हाकाटी मात्र जोरात होती. मोठ्या रायफलीच्या काटेकोरपणे घडवलेली छर्‍याची बंदूक नेमकी अशा वेळी बाजारात आली.

मध्य इंग्लंडमधल्या पबांमध्ये तिच्यावर एक अख्खा खेळ उभा राहिला. लोखंडी पत्र्याला सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे भोक, त्यामागे घंटा आणि नेमबाज सहा यार्डांवर. छर्रा भोकातून आरपार गेला तर घंटा वाजते, नाहीतर पत्र्यावर चपटा होतो. पबापबांच्या संघांत स्पर्धा भरत. बर्मिंगहॅमच्या आसपास हा खेळ अजून तग धरून आहे.

रचना आणि हाताळणी. स्प्रिंगच्या बंदुकीत हवा आधीपासून भरलेली नसते. दांडी ओढली की दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग आवळली जाते आणि खटक्यात अडकते. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन छर्‍याला ढकलते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच बंदूक एकदा मागे आणि एकदा पुढे हिसका देते. म्हणून शक्तिशाली काडतुसी रायफलीवर हात बसलेला माणूसही हिच्यापुढे गडबडतो. घट्ट पकडली तर छर्रे भलतीकडे जातात. पुढचा हात नुसता खाली ठेवायचा आणि बंदुकीला हवी तशी उसळू द्यायची, हे ज्याला जमले त्याचा नेम बसला.

या घराण्यातली सर्वांत लाडकी बंदूक म्हणजे बीएसएची 1948 सालची एअरस्पोर्टर. तिची ताणायची दांडी लाकडी दस्त्याच्या पोटात दडवलेली असल्याने बंदूक एकसंध, सुबक दिसते. दांडी खाली खेचली की वरची तोटी आपोआप उघडते. छर्रा टोक पुढे करून तिच्यात टाकायचा, अंगठ्याने तोटी फिरवून बंद करायची, झाले. छर्‍याचा घेर जरा मोठा निघाला तर तो तोटीत अडकतो आणि मग खिशातल्या पेन्सिलीने ढकलावा लागतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तोटी झिजते, तिच्या कडेने हवा निसटते आणि बंदूक मंद होते. जुन्या नमुन्यांत दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचे वायसर असते. ते सुकले की दाब धरत नाही, म्हणून अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्यायचे. तेल जास्त झाले तर दाबाच्या उष्णतेने ते पेटते, बार मोठा होतो आणि नळीतून निळसर धूर निघतो. जुन्या शौकिनांना हा जळक्या तेलाचा वास प्यारा आहे. बंदुकीच्या तब्येतीला तो अजिबात चांगला नाही.

बीएसएची तोलामोलाची प्रतिस्पर्धी वेब्ली अँड स्कॉट, तीही बर्मिंगहॅमचीच. रिव्हॉल्व्हरसाठी नावाजलेल्या या कंपनीने 1924 मध्ये हवेचे पिस्तूल काढले. 1932 च्या तिच्या सर्व्हिस एअर रायफलीची नळी बदलता येई, त्यामुळे एकाच बंदुकीतून वेगवेगळ्या मापांचे छर्रे उडवता येत. युद्धानंतरची मार्क थ्री तर बीएसएवाल्यांनीही मनातून मान्य केलेली बंदूक. 1959 ची बीएसए मीटिऑर त्या मानाने साधी, नळी दुमडून ताणायची आणि स्वस्त. सौंदर्यात एअरस्पोर्टर पुढे, पण घरोघरच्या पोरांच्या हातात पडली ती मीटिऑरच. तिसरे नाव मिलब्रोचे. दुसर्‍या महायुद्धानंतर जर्मन डायना कारखान्याची यंत्रे आणि नावही युद्धभरपाईत या कंपनीकडे आले आणि स्कॉटलंडमध्ये डायना बंदुका बनू लागल्या. मूळ जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याला आपलाच माल ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला.

उपद्रवी प्राण्यांचे नियंत्रण. इंग्लंडमधला ससा जमिनीत बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. आपल्या माळावरच्या सशासारखा तो उघड्यावर झुडपाआड बसत नाही. त्यामुळे एका बांधाखाली शेकडो ससे असू शकतात आणि कोवळे पीक रातोरात फस्त होते. पूर्वी शिकारीचा हक्क जमीनदाराचा, कुळाने नुकसान बघत बसायचे. 1880 च्या कायद्याने जमीन कसणार्‍याला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हिरावून न घेता येणारा हक्क मिळाला. महायुद्धाच्या काळात रेशनाबाहेरचे मांस म्हणून सशाला भाव आला. मग 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग फ्रान्सकडून केंट परगण्यात पोहोचला आणि दोनेक वर्षांत देशातले 95 टक्क्यांहून अधिक ससे मेले. सुजलेल्या डोळ्यांचे, आंधळे झालेले ससे रस्त्यांवर बसून असत. हा रोग मुद्दाम पसरवणे 1954 च्या कायद्याने गुन्हा ठरला, कारण काही शेतकरी तेच करत होते. पुढे सशांत प्रतिकारशक्ती आली आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली.

सशाशिवाय उंदीर, खार आणि वुडपिजन ही या बंदुकीची नेहमीची लक्ष्ये. खार म्हणजे 1876 पासून अमेरिकेहून आणून सोडलेली करडी खार. तिने मूळच्या लाल खारीला इंग्लंडच्या बहुतेक भागांतून हुसकावले आहे आणि कोवळ्या झाडांची साल सोलणे हा तिचा दुसरा अपराध. वुडपिजन हे धष्टपुष्ट रानकबूतर मोहरीवर्गीय रेप आणि वाटाणा यांवर थव्याने उतरते. उडते कबूतर टिपायला छर्‍यांच्या झोताची शॉटगन लागते. एअर रायफलवाला झाडाखाली उभा राहून ते फांदीवर बसायची वाट बघतो.

गोठ्यात आणि धान्याच्या कोठारात मात्र हिच्यासारखे हत्यार नाही. पत्र्याचे छप्पर फुटत नाही, गुरे बुजत नाहीत आणि विषाची गोळी टाकली तर मेलेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडाच्या पोटात विष जाते, ती भीतीही नाही. लाल काचेची विजेरी लावून रात्री कोठारात उंदरांची वाट बघत बसणे हा कित्येकांचा हिवाळ्यातला उद्योग.

बंदुकीची ताकद बेताची, त्यामुळे सगळी भिस्त नेमावर. साधारण 30 यार्डांच्या आत, डोक्यावर आणि इंचभर वर्तुळात छर्रा पडला तर जनावर जागच्या जागी मरते. दर खेपेस एवढे साधत नसेल तर आणखी जवळ सरकावे किंवा बंदूक खाली ठेवावी, हा जाणत्यांचा दंडक. तो सगळेच पाळतात असे नाही. छर्रा लागून जायबंदी झालेली मांजरे आणि हंस ब्रिटनमधल्या पशुवैद्यांकडे येतच असतात.

कायदा. 1968 च्या शस्त्र कायद्याखाली 1969 मध्ये झालेल्या नियमांनी छर्‍याच्या ऊर्जेला मर्यादा आखली: रायफलीला 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16.3 जूल, आणि पिस्तुलाला 6 फूट-पौंड. त्याहून जास्त ताकदीच्या एअर रायफलीला परवाना हवा. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असा 4.5 मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला 240 मीटरच्या आसपास गेला की ही मर्यादा गाठली जाते. 2006 च्या कायद्याने खरेदीचे किमान वय 18 झाले आणि दुकानदाराने माल ग्राहकाच्या हाती समक्षच द्यायचा असे ठरले. स्कॉटलंडने याहून कडक वाट धरली. 2005 मध्ये ग्लासगोत छर्रा डोक्याला लागून एक दोन वर्षांचे मूल दगावले, त्यानंतर मागणी वाढत गेली आणि 2016 च्या अखेरीपासून तिथे साध्या एअर रायफलीलाही प्रमाणपत्र लागते. उत्तर आयर्लंडमध्ये तर मर्यादा 1 जुलाची आहे. पक्षी मारायला इंग्लंडमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याखालचे सर्वसाधारण, म्हणजे वेगळा अर्ज न करता सर्वांना मिळणारे परवाने लागू पडतात. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयीन आव्हानानंतर त्यांतले तीन अचानक रद्द झाले तेव्हा शेतकर्‍यांत मोठा गदारोळ उडाला. नंतर ते सुधारून काढले गेले.

जुन्या बंदुकांचा शौक. हा शौक टिकण्याचे मुख्य कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, वरच्या बारा फूट-पौंडांत आहे. मोटारी आणि कॅमेरे दर दशकात इतके पुढे गेले की जुना नमुना कपाटातच शोभतो. इथे कायद्याने ताकद जागेवर रोखून धरली. 1980 च्या दशकात व्हायरख या जर्मन कंपनीच्या दणकट बंदुका आल्या, मग बाटलीतून हवा भरायच्या, हिसका न देणार्‍या रायफली आल्या. नेमात त्या जुन्यांना सहज मागे टाकतात, पण छर्रा मारतो तेवढ्याच जोराने. त्यामुळे आजोबांची एअरस्पोर्टर आजही उंदीर मारते. ती नुसती आठवण म्हणून भिंतीवर टांगावी लागत नाही.

दुसरे कारण कारखान्यांचे. 1986 मध्ये बीएसएचा बंदूक विभाग स्पॅनिश गामोकडे गेला. वेब्लीने 2005 च्या अखेरीस बर्मिंगहॅममधले उत्पादन बंद केले आणि नाव तुर्कस्तानात बनलेल्या मालावर चढले. शिक्का तोच, पण ज्या गावात तो ठोकला जायचा तिथे आता वेब्ली बनत नाही, ही खंत शौकिनांच्या बोलण्यात सतत डोकावते.

संग्राहक अनुक्रमांकापुढच्या अक्षरांवरून नमुना आणि साल ताडतात. पहिल्या महायुद्धाआधीची बीएसए मिलिटरी पॅटर्न हाती लागली तर दिवाळीच. नवख्यांचा हात नेमका चुकीच्या ठिकाणी जातो: पोलादावरची जुनी निळी झाक घासून काढतात, दस्त्यावर चकचकीत वॉर्निश चढवतात आणि किंमत अर्ध्यावर आणतात. स्प्रिंग आणि वायसर बदलायला हरकत नाही, वरच्या जुनेपणाला हात लावायचा नाही.

मासेमारीचे जुने साहित्य. सुया बनवणारे रेडिच हे गाव तार वाकवून गळ बनवू लागले आणि पुढे मासेमारीच्या साहित्याची पेठ झाले. तिथल्या ऑलकॉक कंपनीचे एरियल हे रीळ बोटाच्या टिचकीने कितीतरी वेळ फिरत राहते. नदीच्या प्रवाहात तरंगी अलगद सोडायला तेच हवे असते. अलनिकच्या हार्डी कंपनीची रिळे साहेबी थाटाची आणि तशाच किमतीची. काठ्या चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या. रिचर्ड वॉकरने 1952 मध्ये हेरफर्डशरच्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरला तो अशाच काठीवर, आणि तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कित्येक वर्षे जगला. काचतंतू आणि मग कार्बनतंतू आल्यावर बांबू मागे पडला. काठीच्या बाबतीत कायद्याने काहीच रोखले नव्हते, म्हणून इथला शौक बंदुकीपेक्षा अधिक हळवा आहे.

शिशाच्या बाबतीत मात्र दोघांची वाट फुटली. गिळलेल्या शिशाच्या गोळ्यांनी हंस मरू लागल्याने 1987 पासून मासेमारीच्या बहुतेक शिसेवजनांवर बंदी आली. जुन्या डब्यांत त्या गोळ्यांच्या छोट्या डब्या अजून सापडतात, पण वापरता येत नाहीत. एअर रायफलीचा छर्रा मात्र अजूनही बहुतांशी शिशाचाच आहे.

भारत. इथे या बंदुकीची ओळख जत्रेतले फुगे फोडण्यापासून होते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जुलांपर्यंतच्या आणि 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये सशासाठी पसंत केली जाणारी, ताकदीने कमीच असलेली 5.5 मिलिमीटरची रायफल इथे केवळ मापामुळे परवान्याच्या कक्षेत येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ससा किंवा रानपक्षी तिने टिपणे हा गुन्हा आहे, मग तो शेतात येऊन पीक खात असो. साहजिकच इथे तिचा विकास झाला तो 10 मीटरच्या नेमबाजीत. अंजली भागवत 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेते झाले.